स्क्रीनवर ‘व्हायरस’ ओरडतोय? ऑफिसातल्या माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यातल्या जिनिंग, आडत दुकानं, पतपेढ्या, डाळ मिल अशा पाच-दहा कम्प्युटरवाल्या ऑफिसांची कामं मी बघतो. खालचे प्रश्न तिथल्याच लोकांनी विचारलेत, कोणी रात्री नऊला घाबरून फोन करून, कोणी स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून. स्क्रीन आत्ता ओरडत असेल तर थेट प्रश्न २ वर जा. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर फोन लावून झाला असेल तर प्रश्न ६. आणि पैसे गेले असतील तर वाचत बसू नका, आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा, मग प्रश्न ७.

१. एकदम लाल-निळं पान आलं, "कम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" आणि भोंगा वाजतोय. खरंच व्हायरस घुसला का?

नाही. ते एक वेबपेज आहे, बातम्यांचं पान असतं ना तसंच, फक्त फुल स्क्रीन केलेलं आणि त्यात भोंग्याची ऑडिओ जोडलेली. वेबपेजला तुमच्या हार्डडिस्कमध्ये व्हायरस आहे का हे बघताच येत नाही, त्यामुळे तिथे "५ व्हायरस सापडले" असं लिहिलेलं असलं तरी ते नुसतं आधीपासून टाइप करून ठेवलेलं असतं, उघडणाऱ्या प्रत्येकाला पाचच दिसतात. त्यावर आपला आयपी नंबर आणि गावाचं नाव आलं की लोक जास्त दचकतात. ही माहिती आपण उघडतो त्या प्रत्येक साइटला मिळते, आणि पुष्कळदा तर जळगावच्या ऑफिसात बसलेल्याला तिथे मुंबई दिसतं कारण नेट कंपनीचा सर्व्हर तिकडचा असतो.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय की त्यांच्या खऱ्या एरर किंवा वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते पान खोटं, पुढचं वाचायची गरज नाही.

२. मग ते बंद कसं करू? वर क्रॉसच दिसत नाही आणि माउसपण अडकल्यासारखा वाटतो

आधी आवाज बंद करा, स्पीकरची वायर काढली तरी चालेल. निम्मी भीती त्या आवाजाचीच असते आणि आवाज थांबला की डोकं चालायला लागतं. मग एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन जाते आणि वरचा क्रॉस दिसतो. नाही झालं तर ऑल्ट आणि एफ ४. तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम किंवा एज जे असेल ते निवडून एंड टास्क. काहीच जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि बंद करा, अर्धवट राहिलेलं व्हाउचर जाईल तेवढंच.

परत चालू केल्यावर ब्राउझर विचारेल की आधीची पानं परत उघडू का, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येऊन ओरडायला लागेल.

चोपड्याकडच्या एका जिनिंगमधल्या ताईंचा मला फोन आला होता, "भाऊ, कम्प्युटर बोली ऱ्हायना (म्हणजे बोलतोय), बंदच व्हत नही." पानावर लिहिलं होतं की कम्प्युटर बंद केला तर सगळा डेटा उडेल, म्हणून त्या बिचाऱ्या वीस मिनिटं बटणाला हात न लावता बसून होत्या, तिकडे गाडी काट्यावर उभी, शेतकरी पावतीची वाट बघतोय. मी म्हटलं ताई बटण दाबून धरा, माझ्यावर विश्वास ठेवा. बंद झाला, चालू केला, टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, जशीच्या तशी. बंद केल्याने डेटा उडत नाही, ते वाक्य आपल्याला तिथे बसवून ठेवायलाच लिहिलेलं असतं.

३. मी काहीच चुकीचं उघडलं नव्हतं, मग हे आलं कुठून?

बहुतेक वेळा जाहिरातीतून. साइट चांगली असते पण तिच्यावरची जाहिरातीची जागा तिसऱ्याच कोणी तरी विकत घेतलेली असते. पीडीएफचं वर्ड करून देणाऱ्या फुकट साइटी, पिक्चर डाउनलोड, फुकटात मॅच दाखवणाऱ्या साइटी, क्रॅक सॉफ्टवेअर इथून जास्त येतं. पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तरी येतं. म्हणून कर्मचाऱ्याला "तू काय उघडून बसला होतास" असं सगळ्यांसमोर विचारू नका, बहुतेक वेळा त्याने कामाचंच काहीतरी उघडलेलं असतं.

४. ब्राउझर उघडलेला नसतानापण उजव्या कोपऱ्यात सारखं "अँटिव्हायरस संपला, पीसीला धोका" येतं. हा तरी व्हायरस आहे ना?

हापण नाही. कधीतरी एखाद्या साइटने विचारलं असणार की नोटिफिकेशन पाठवू का, आणि घाईत अलाउ दाबलं गेलं असणार. आता ती साइट रोज पाठवते. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथे अलाउ केलेल्या साइटींची यादी असते. ओळखीची नसेल ती काढून टाका, आणि साइटींना विचारूच देऊ नका असा पर्याय असतो तो निवडा. दोन मिनिटांचं काम आहे, मी कुठेही गेलो की न सांगता करून येतो.

५. मग खरा इशारा कसा असतो?

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस फुकट येतो. त्याला काही सापडलं तर तो फाइलचं नाव सांगतो, अडवली किंवा काढली म्हणतो आणि गप्प बसतो. भोंगा नाही, घड्याळ नाही, फोन नंबर नाही, पैसे नाहीत. शंका आली तर इशाऱ्यावर क्लिक न करता स्टार्टमध्ये जाऊन विंडोज सिक्युरिटी स्वतः उघडा आणि तिथे बघा. तिथे काही नसेल तर बाहेरचं खोटं. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसलाही हेच लागू, त्याचा प्रोग्रॅम आपल्या हाताने उघडून बघायचं.

६. त्या नंबरवर फोन केला आणि त्याने सांगितलं तसं एनीडेस्क (आपला कम्प्युटर दुसऱ्याला दुरून चालवू देणारं सॉफ्टवेअर) पण टाकून दिलं. आता?

आधी नेट तोडा. लॅनची वायर ओढा किंवा वायफाय राउटरच बंद करा, त्याला "एक मिनिट सर" म्हणत बसायची गरज नाही. फोन कट करा, तो परत परत लावेल, ओरडेल, पोलिसांची धमकी देईल, उचलू नका.

मग दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. पासवर्ड बदलायचे ते त्या कम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या फोनवरून, आधी ईमेलचा कारण बाकीचे सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघा, अनोळखी असेल ते काढा. मोबाईलवर स्टार करून काही नंबर डायल करायला लावला असेल तर कॉल फॉरवर्डिंग चालू केलेलं असू शकतं, हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

कम्प्युटरमधून एनीडेस्क काढून भागत नाही, कारण त्याने नजर चुकवून कायमचा पासवर्ड लावलेला असतो किंवा दुसरं एखादं रिमोट सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. जाणकाराने बघेपर्यंत तो कम्प्युटर नेटला लावू नका.

फोनवर ते लोक काय करतात तेही माहीत असू द्या, म्हणजे मधेच ओळखू येईल. ते विंडोजमधलं इव्हेंट व्ह्युअर उघडायला लावतात, त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या ओळीच ओळी असतात, आणि म्हणतात बघा तुमच्या सिस्टिमची काय हालत झालीय. अशा ओळी प्रत्येक कम्प्युटरमध्ये असतात, नव्याकोऱ्यातही असतात. मग काळ्या खिडकीत भराभर नावं पळवतात आणि शेवटी स्वतःच "ट्रोजन सापडला" असं टाइप करतात. सावद्याकडच्या एका आडतीवर मुनीमजींना हे दाखवून झाल्यावर "सर्व्हिस चार्ज फक्त ४९९ भरा, नेटबँकिंगने" म्हणाले, मुनीमजींनी बँक उघडली आणि स्क्रीन काळी झाली, "स्कॅन चालू आहे, ओटीपी सांगा". केळीच्या गाड्या भरायच्या गडबडीचे दिवस, माणूस सकाळी सहापासून हिशोबाला बसलेला, ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते ती वाचलीच नाही. तेव्हा ओटीपी कोणी मागो न मागो, मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा, रक्कम त्यातच असते.

७. पैसे गेले. १९३० ला लावून खरंच काही होतं का?

वेळेत लावला तर होतं. १९३० हा सगळ्या देशाचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदली की ती बँकांना ऑनलाइन जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे अजून असतील तर ती रक्कम रोखून धरली जाते. चोर मात्र एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या असे मिनिटांत पैसे पळवतात, म्हणून पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), रक्कम, वेळ, आपला खाते नंबर समोर ठेवा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि तेवढ्यात दुसऱ्याने बँकेला कळवायचं, एकामागून एक करत बसू नका. नंतर पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जायचं. रोखलेली रक्कमही हातात यायला प्रक्रिया आहे, लगेच येत नाही, पण रोखली गेली तरच पुढचं काही.

बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा अनधिकृत व्यवहार ३ कामकाजी दिवसांत कळवला तर तुमच्यावर बोजा नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी लवकर कळवण्यातच फायदा. बँकेकडून तक्रारीचा नंबर घ्या, "सांगितलं होतं तोंडी" याला नंतर कोणी विचारत नाही.

८. आमचा टॅलीवाला रोजच एनीडेस्क मागतो. तेही बंद करायचं का?

बंद करायची गरज नाही, एनीडेस्क, टीमव्ह्युअर, क्विक असिस्ट ही चांगलीच साधनं आहेत, प्रश्न समोर कोण आहे याचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. माझा नियम साधा आहे, फोन आपण लावायचा, सेव्ह असलेल्या नंबरवर. तिकडून आलेल्या फोनवर कोड द्यायचा नाही, माझं नाव सांगून फोन आला तरी नाही, ठेवा आणि मला परत लावा, मला अजिबात राग येणार नाही. काम चालू असताना बँकेची पानं बंद, आपण खुर्चीतून उठायचं नाही, आणि काम झालं की सॉफ्टवेअर बंद.

९. फोनवाला मराठीत बोलत होता, शेठचं नाव, जीएसटी नंबर सगळं माहीत होतं. मग खोटा कसा?

जीएसटी नंबर बिलावर छापलेला असतो आणि पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव, पत्ता कोणालाही दिसतो. शेठचं नाव दुकानाच्या पाटीवर. आपलं नाव माहीत असणं ही ओळख नाही. भाषेवरही जाऊ नका, "काय भो, कसं काय" म्हणणारा आपलाच असेल असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र दोनमध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले होते, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अमेझॉनच्या तक्रारीवरून टेक सपोर्टच्या नावाने कॉल सेंटर चालवणारेही होते. पगारी माणसं ठेवून, लिहून दिलेलं वाचून हे काम चालतं.

१०. एका साइटने "मी रोबोट नाही" साठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं सांगितलं. करू का?

अजिबात नाही. या सगळ्या प्रश्नांतला सगळ्यात धोक्याचा प्रकार हाच आहे, २०२४ पासून खूप पसरला. पान गुपचूप एक कमांड कॉपी करून ठेवतं आणि आपल्याच हाताने ती चालवून घेतं, म्हणजे प्रश्न १ मध्ये खोटा असलेला व्हायरस इथे खरा येतो. खरी कॅप्चा चित्रं निवडायला किंवा टिक करायला सांगते, कीबोर्डवरून रन (विंडोज आणि आर दाबल्यावर येणारी कमांडची खिडकी) उघडायला कधीच सांगत नाही. एंटर दाबून झालं असेल तर प्रश्न ६ प्रमाणे नेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे गेले असं धरूनच चाला.

११. मेल आला, अँटिव्हायरस रिन्यू झाला, हजारो रुपये कापले जातील, रद्द करायला फोन करा

फोन करू नका, बँकेचं खातं आपल्या फोनवर उघडून बघा, काही कापलेलं नसतं. फोन केला की म्हणतात रिफंड देतो, रिमोट घेतात, आणि स्क्रीनवरच्या बँकेच्या पानातला आकडा बदलून "चुकून जास्त आले, उरलेले परत पाठवा, माझी नोकरी जाईल" असं रडतात. तो आकडा फक्त त्या स्क्रीनवर बदललेला असतो. आपली माणसं मनाने मऊ, समोरच्याची नोकरी जाईल म्हणून पाठवून देतात. पैसे आलेत का ते पासबुक एन्ट्री किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्येच बघायचं, आणि यूपीआयचा पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही.

१२. प्रिंटर बिघडला म्हणून गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधला, तोही खोटा निघाला. मग नंबर घ्यायचा कुठून?

मशीनच्या खोक्यावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून. सर्चमध्ये सगळ्यात वर येतं ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेलं असतं. बँकेसाठी आता एक सोपी खूण आहे, रिझर्व्ह बँकेने बँकांना साइटचा पत्ता डॉट बँक डॉट इन करायला लावला, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती, तेव्हा शेवटी ते आहे का बघा.

१३. मोबाईलवर लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलन म्हणून फाइल आली, नावाच्या शेवटी एपीके

पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, ते टाकलं की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपी, दुसरीकडे जातात. पाठवणारा मामा असला तरी उघडू नका, मामांचा फोन आधीच गेलेला असतो आणि तिथून सगळ्या नातेवाइकांना जातंय. मामांना फोन लावून सांगा. टाकून झालं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर, अ‍ॅप काढा, बाकी प्रश्न ६.

१४. आमच्याकडे सहा माणसं, आयटीवाला नाही. मालक म्हणून मी काय करून ठेवू?

रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं खातं द्या, म्हणजे पासवर्डशिवाय बरीच सॉफ्टवेअर टाकता येणार नाहीत. ब्राउझरमध्ये चांगला अ‍ॅड ब्लॉकर टाका, प्रश्न ३ मधलं बरंच तिथेच अडतं. राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) ९.९.९.९ टाकला की माहीत असलेल्या बऱ्याच घातक साइटी उघडतच नाहीत, पैसे लागत नाहीत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, बँकेचं काम करणारा कम्प्युटर तरी ११ वर न्या. नेटबँकिंगमध्ये एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी सोय बँकेकडून करून घ्या, आणि रोजची मर्यादा कामापुरतीच ठेवा. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि बॅकअप झाला की ती काढून कपाटात, जोडून ठेवलेली डिस्क खऱ्या व्हायरसमध्ये तीही जाते.

आणि एक कागद प्रत्येक मॉनिटरजवळ चिकटवा, मोठ्या अक्षरात. नंबर दिसला तर लावू नका. बटण दाबून बंद करा. शेठला लगेच सांगा. खाली १९३०.

१५. चूक कर्मचाऱ्याची होती, पगारातून कापू का?

मला हे मालकांनी खूपदा विचारलंय आणि माझं उत्तर नाही असंच आहे. वर सांगितलेल्या आडतीवर मुनीमजींना पाच मिनिटांत कळलं होतं की काहीतरी चुकलं, पण शेठ ओरडतील म्हणून संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत, खाली मान घालून पावत्या करत बसले, मी गेलो तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. तेवढ्या वेळात पैसे कुठल्या कुठे गेले. शेठने त्यांच्या पगारातून काही कापलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं की असं झालं तर मला रात्री दोनला उठवा पण सांगा. पुढच्या दिवाळीत तिथल्याच एका पोराने खोट्या फोनवर ओटीपी देऊन टाकला, दोन मिनिटांत शेठकडे पळत गेला, बँकेला आणि १९३० ला फोन गेले, आणि रक्कम रोखली गेली. ज्या दिवशी तुम्ही पगार कापाल त्या दिवसापासून तुम्हाला शेवटी कळायला लागेल.

१६. सगळं समजलं, पण खरंच व्हायरस आला असेल तर ओळखायचं कसं?

फाइलींची नावं बदललेली दिसतात, टॅलीचा डेटा उघडत नाही, फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी ठेवलेली असते. आवाज बहुतेक काहीच नसतो. तेव्हा सगळ्या कम्प्युटरच्या लॅन वायरी काढा, घाईत फॉरमॅट मारू नका कारण पुरावा आणि कधीकधी परत मिळू शकणारा डेटाही जातो. अशा घटना आपल्याला कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवायच्या असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, तो कंपन्यांनाही लागू आहे, सीएला विचारून घ्या. साध्या संशयाला सायबर स्वच्छता केंद्राची सरकारी साइट आहे, तिथे साफ करायची टूल फुकट मिळतात.

१७. पैसे जाऊन महिना झाला, आता एकाचा फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फी भरा"

हे तेच लोक किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेले. गेलेले पैसे परत करायला पोलीस, बँक, कोर्ट कोणीही फोनवर फी मागत नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवून अटकेची धमकी दिली तरी ठेवून द्या, डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही. आलेला नंबर संचार साथी या सरकारी साइटवरच्या चक्षू या तक्रारीच्या सोयीत टाका, आणि तुमच्या जुन्या तक्रारीचा नंबर घेऊन ठाण्यात जाऊन विचारा, तपास कुठवर आलाय ते तिथेच कळेल.